कोझिदोल, वस्ती शून्य

कोझिदोल हे गाव शेवटी यादीतून उडालं. गावात माणूस सापडला, एवढंच कारण.

पण हे घडलंच नाही असं धरून चालू. आत्ता मे महिना आहे, कोझिदोल अजून कुठल्याच यादीत आलेलं नाही, आणि ज्याच्यामुळे पुढे ही बोंब होणार आहे तो स्टामेन केहायोव दारासमोरच्या बाकावर बसून कांदे निवडतोय. त्याला यातलं काही ठाऊक नाही. आपणही तोंड बंद ठेवू.

स्टामेन अडतीस वर्षांचा. गावातला सगळ्यात तरुण माणूस, सगळ्यात म्हातारा माणूस आणि नगरपालिकेने नेमलेला कारभारी, शिक्क्यासकट. तिन्ही पदं एकाच थंडीत त्याच्याकडे चालत आली. फेब्रुवारीत आई गेली. मार्चमध्ये शेजारच्या स्पिरिदोन म्हाताऱ्याला त्याची लेक स्पेनला घेऊन गेली. तिथे तो म्हणे बाल्कनीत बसतो आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला "कोझिदोलचे का?" म्हणून हाक मारतो. अजून कोणी हो म्हणालेलं नाही. हो म्हणू शकणारा एकच माणूस उरला होता आणि तो इथे कांदे निवडत होता.

तसे गावात चेहरे भरपूर होते. बल्गेरियात माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद दारावर लागतो. चाळिसाव्या दिवशी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग दर वर्षाला एक. कोझिदोलमध्ये असं एकही दार नव्हतं ज्याच्यावर कोणी ना कोणी चिकटलेलं नव्हतं. स्टामेन गल्लीतून जाताना सवयीने सगळ्यांना मान लववी. उलट कोणी बोलत नसे. बरेचसे आधीही बोलत नसत. कागदावर निदान हसत तरी होते.

जिवंत माणूस यायचा तो गुरुवारी. गांचो, पावाच्या गाडीवाला. गांचो गाडीतून उतरत नसे, कारण त्याच्या पायाचा अंगठा सुजायचा, आणि अंगठा सुजतो म्हणून डॉक्टरने त्याचं मटण बंद केलं होतं. अंगठ्याचा आणि मटणाचा संबंध काय, हे गांचोला कळत नव्हतं. पण त्याची बायको नर्स होती, तिला कळत होतं.

"काय कारभारी, काय म्हणतंय गाव?" गांचो खिडकीतून विचारी.

"बरं आहे. तुझी आठवण काढत होतं."

"एक पाव की दोन?"

"थांब, विचारतो." स्टामेन वळून रिकाम्या चौकाकडे बघे. "एक पुरे म्हणतंय."

मग गाडी खाली उतरून वळणाआड जाई आणि पुढच्या गुरुवारपर्यंत स्टामेनच्या तोंडाला खाण्याखेरीज दुसरं काम उरत नसे.

या सगळ्याला तो सरावला असता. अडचण होती ती वीस जुलैची.

सात वर्षांचा असताना स्टामेन वादळात अक्रोडाच्या झाडाखाली उभा राहिला होता. वीज झाडावर पडली. अक्रोड गेला, स्टामेन राहिला. फक्त डाव्या भुवईचे केस गेले ते पुन्हा आले नाहीत. विजा तिकडे संत इलियाच्या ताब्यात असतात, आणि त्याचा दिवस वीस जुलै. आई तिथल्या तिथे नवस बोलली: पोर जगेल तोवर दर वर्षी इलियाच्या दिवशी चर्चच्या अंगणात मेंढा शिजवीन आणि गावाला वाढीन. या अन्नाला कुर्बान म्हणतात. वाढणाऱ्याने म्हणायचं, "घ्या, आरोग्यासाठी." खाणाऱ्याने म्हणायचं, "आरोग्य लाभो," आणि मग चमचा तोंडात. ज्याच्यासाठी नवस असतो त्याने स्वतः खाल्लं तर चालतं, पण धरलं जात नाही. कोणीच काही बोललं नाही, तर तो नुसता मटणाचा रस्सा.

आजवर एकही वर्ष चुकलं नव्हतं. आणि आजवर स्टामेनवर दुसरी वीज पडली नव्हती. यातून काही सिद्ध होत नाही, हे त्याला कळत होतं. तरी खात्री करून बघावी असं त्याला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर विजेचं भय निमित्तापुरतंच होतं. वर्षातून एक दिवस माणसं रांग लावून, हातात भांडं घेऊन, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणत, की हा असू दे. बाकीचे दिवस त्या एका दिवसावर निघत. यंदा म्हणणार कोण? गांचोला मटण बंद, स्पिरिदोन स्पेनमध्ये, आणि दारांवरचे कागद खात नाहीत.

अशा विचारात तो कांदे निवडत असताना वळणावरून एक छोटी निळी गाडी आली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली आणि मोबाईल डोक्यावर धरून चौकभर फिरली. रेंज मिळाली नाही तेव्हा ती खूश झाली. हे स्टामेनने पहिल्यांदाच पाहिलं.

"मी कालिना. सोफियाहून आले," ती म्हणाली. "इथे किती लोक राहतात?"

"एक."

"कोण?"

"मीच."

"अरेरे," कालिना म्हणाली.

"का हो? काय झालं?"

"काही नाही. शून्य असते तर फार बरं झालं असतं."

ती बाकावर टेकली आणि तिने नीट समजावलं. ती एका सहल कंपनीत होती. समुद्रावर आता टॉवेल टाकायला जागा नाही, मठांसमोर रांगा, डोंगरातल्या तळ्यांवर माणसं एकमेकांच्या फोटोत येतात. लोकांना आता कुणीच जात नाही अशी ठिकाणं हवीत, आणि कंपनी अशा ठिकाणांची यादी करत होती.

"शून्य म्हणजे शांतता," कालिना म्हणाली. "शंभर म्हणजे लोकजीवन. दोन्ही खपतं. एक म्हणजे, राग मानू नका हं, एक म्हणजे नुसतं वाईट वाटतं. सुट्टी काढून वाईट वाटून घ्यायला कोण येणार?"

"आणि दोन असते तर?"

"दोन म्हणजे भांडण."

स्टामेनला स्पिरिदोन आठवला आणि तिचं म्हणणं पटलं. त्याने हातातला कांदा खाली ठेवला.

"समजा, मी दिसलो नाही. मग किती लोक येतील?"

"दर शनिवारी एक बस. वीसेक माणसं."

"वीस जुलैला?"

कालिनाने मोबाईलमध्ये पाहिलं. "शनिवारच आहे की. दोन बस आणते."

"जेवतील ना?"

"फुकट असेल तर पातेलं चाटतील."

अशा रीतीने गावच्या कारभाऱ्याने गावाची लोकसंख्या शून्यावर आणली. आजवर कुठल्याही कारभाऱ्याला हे एका बैठकीत जमलं नव्हतं.

बस चालवायचं काम गांचोलाच मिळालं, कारण त्या रस्त्याची वळणं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं.

"म्हणजे गुरुवारी तू आहेस," गांचो म्हणाला, "आणि शनिवारी नाहीस."

"हो."

"आणि शनिवारी मला दिसलास तर?"

"बघायचं नाही."

"बायकोला सांगू का?"

"काय?"

"हेच, की तू नाहीस."

"शनिवारपुरतं सांग."

शनिवारी सकाळी स्टामेन पाव, चीज आणि पाण्याची बाटली घेऊन चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यात चढे. वरून चौक, त्याचं घर, बाक, सगळं दिसे. पाहुणे उतरत आणि पहिली काही मिनिटं काहीच करत नसत. नुसते उभे राहून शांतता ऐकत. ऐकताना एकमेकांना "शू!" करत. मग पांगत. एकजण स्टामेनच्या बाकावर पाय पसरून बसे. एक बाई त्याच्या मांजराला मांडीवर घेई. मांजराला शून्यात धरलं होतं.

त्यांचं बोलणं वर स्पष्ट ऐकू येई. पार्किंगच्या भांडणाबद्दल, कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्याबद्दल, फरशीच्या रंगाबद्दल. स्टामेन सगळं ऐके. काही वेळाने तो उत्तरंही देऊ लागला, हळू आवाजात.

"इथले लोक थंडीत खात काय असतील?" खाली कोणी विचारलं.

"घेवड्याचं कालवण," स्टामेन कबुतराला म्हणाला.

"मला तर इथेच राहावंसं वाटतं बाई."

"राहा की. स्पिरिदोनचं घर रिकामं आहे. छप्पर तेवढं गळतं."

"पण करमायचं कसं?"

यावर स्टामेनने पावाचा तुकडा कबुतरापुढे सरकवला. 

चारच्या सुमाराला बस जाई. स्टामेन उतरून आपल्या बाकावर बसे. बाक अजून कोमट असे. तो निवेपर्यंत स्टामेन हलत नसे. आठवड्याला वीस माणसं गावात येत होती आणि त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटत होतं. पूर्वी निदान तो एकटा आहे हे उघड तरी होतं.

जूनच्या सुरुवातीला घोटाळा झाला. एका पाहुण्याने स्टामेनच्या घरात शिरून चुलीला हात लावला. हात भाजला. ओसाड गावात चूल गरम कशी, असं त्याने कंपनीला विचारलं. दुसऱ्या कुणीतरी कुंड्यांमधली माती ओली असल्याचं कळवलं. "दव पडतं," असं कालिनाने कुंड्यांचं निभावून नेलं, पण चूल दवाने पेटत नाही.

सोमवारी ती आली ती हातात गुंडाळी आणि गोंदाचा डबा घेऊन.

"गावात सगळ्या दारांवर कागद आहेत," ती म्हणाली. "तुमच्या दारावर फक्त आईंचा. म्हणून लोकांना शंका येते. तुमचाही लावू."

तिने गुंडाळी उघडली. काळ्या चौकटीत स्टामेन होता. खाली नाव, वय आणि निधनाची तारीख, दहा जून. म्हणजे त्याच दिवशीची. छापखान्यात उभ्या उभ्या दुसरी कुठली तिला सुचली नव्हती.

स्टामेनने कागद बराच वेळ पाहिला. "फोटो वाईट आहे."

"तुमच्या ओळखपत्रावरचा आहे. तुम्हीच पाठवलात."

"मला काय माहीत तो मरायला लागणार होता? मी दुसरा दिला असता. आणि हे काय? 'आप्त व मित्रपरिवार यांना तुझा विसर पडणार नाही.' कुठले आप्त?"

"ते छापीलच असतं हो."

"पण खोटं आहे."

"तुम्ही मेलात हे चालतं, आणि आप्त चालत नाहीत?"

"मेलो की नाही हे कोणी बघायला येत नाही. आप्त मात्र लोकांना मोजता येतात."

शेवटी आप्त तसेच राहिले, कारण ते खोडायला कालिनाकडे काही नव्हतं. कागद लावताना स्टामेनची एकच अट होती: आईच्या शेजारी नको, तिला धक्का बसेल. म्हणून तो दाराच्या दुसऱ्या फळीवर लावला. गोंद सोफियाचा होता, पक्का. कालिना गेल्यावर स्टामेन घरात जाताना सवयीप्रमाणे दारावरच्या मंडळींना मान लववून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की यातला एक आपण.

वीस जुलै आली. गांचोने गुरुवारीच मेंढा आणून दिला होता. स्टामेनने उजाडायच्या आत चर्चच्या अंगणात चूल मांडली, आईचा तांब्याचा हंडा चढवला. मटण, कांदा, तांदूळ, लाल मिरचीची पूड, उतरवताना मूठभर डोंगरी पुदिना. मेंढा त्याने चांगला मोठा मागवला होता. भांडी, चमचे आणि पाव टेबलावर मांडले.

ठरलं होतं ते असं: कालिना डाव घेऊन उभी राहील आणि प्रत्येकाला "घ्या, आरोग्यासाठी" म्हणेल. लोक "आरोग्य लाभो" म्हणतील. संपलं.

"कुणाचं आरोग्य, असं विचारलं तर?" कालिनाने विचारलं होतं.

"नाव घेऊ नका. नाव मी वरून घेईन, मनातल्या मनात. संत इलियाला पत्ता माहीत आहे."

दोन बस आल्या; एक गांचोची, दुसरी तिच्या मागे मागे. लोक उतरले, पण या खेपेला शांतता कोणी ऐकली नाही, कारण मटणाचा वास सुटला होता. सगळे नाकाच्या मागे चर्चच्या अंगणात आले. फक्त एक आजी मागे राहिली. एव्हलाम्पिया तिचं नाव, वय ऐंशीच्या पुढे. भाचीने वाढदिवसाला ही सहल भेट दिली होती. शहरात दुकानांच्या पाट्या वाचत चालावं तशी ती दारांवरचे कागद वाचत वाचत आली. स्टामेनच्या दारापाशी ती थांबली, चष्मा पुसला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि काठी टेकत लगबगीने अंगणात शिरली.

इकडे कालिनाने पहिल्या पाहुण्याच्या भांड्यात डाव रिकामा केला. "घ्या, आरोग्या..."

"कसलं आरोग्य ग पोरी?" आजी कडाडली. "मेलाय तो! दहा जूनला गेला, आज चाळिसावा दिवस. दारावर एवढा मोठा कागद आहे, वाचत नाही का तुम्ही कोणी? अडतीस वर्षांचं पोर!"

 पुरुषांनी टोप्या काढल्या. चाळिसाव्याचं जेवण म्हटल्यावर रीत सगळ्यांना ठाऊक होती. तिथे आरोग्य मागत नाहीत, गेलेल्यासाठी क्षमा मागतात.

कालिनाने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग तिने खाली हंड्याकडे पाहिलं आणि पुढचा डाव भरला.

"देव स्टामेनला क्षमा करो," आजीने भांडं हातात घेत खणखणीत आवाजात म्हटलं.

"देव स्टामेनला क्षमा करो," रांगेतला पुढचा म्हणाला. मग त्याच्या पुढचा. मग कालिनाही म्हणाली.

"उकडलेले गहू कुठायत?" आजीने विचारलं. "चाळिसाव्याला गहू नाहीत?"

"नसतील केले," कालिना पुटपुटली.

"पण हे केलं कुणी? गावात तर कुणी नाही म्हणालात."

"आप्त असतील. करून गेले असतील."

"चांगले आहेत आप्त," आजीने चव घेतली. "मीठ कमी आहे."

वर मनोऱ्यात स्टामेन घंटेच्या दोराला धरून बसला होता. पहिल्या पाच-सहा वेळा त्याला, कबूल करायला हवं, बरंच वाटलं. आई गेल्यापासून कुणी त्याचं पाळण्यातलं नाव घेतलं नव्हतं. गांचो कारभारी म्हणायचा. इथे माणसामागून माणूस त्याचं नाव घेत होता, तेही टोपी काढून. मग लोक दारावरचा फोटो बघून आले, खायला बसले आणि खाता खाता मयताबद्दल चार शब्द बोलावेत म्हणून बोलू लागले.

"चेहऱ्यावरून सज्जन वाटतो."

"दारू असणार."

"बायको-मुलं दिसत नाहीत कागदावर."

"ती भुवई बघितलीस का? कोण देणार मुलगी?"

"एकटाच राहत असेल बिचारा."

"बरं झालं मग, सुटला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टामेन दोराला घट्ट धरून होता. त्याने खाली हंड्यात पाहिलं. रस्सा अर्ध्याखाली गेला होता. एका बाजूने तांबं दिसू लागलं होतं. हंडा रिकामा झाला की यंदाचं बोलणं संपलं. चाळीस तोंडांनी, देवाच्या दारात, त्याच्या आईच्या हंड्यातलं खाऊन, हा गेला असं एकमताने ठरवलं होतं, आणि खोडून काढायला पुढच्या वर्षापर्यंत कोणी येणार नव्हतं. तो खाली गेला तर पुढच्या शनिवारीही कोणी येणार नव्हतं. बाक कोमट होणार नव्हता.

तो उठला. उठताना हातातला दोर ओढला गेला आणि डोक्यावरची घंटा दणकन वाजली.

अंगणातले सगळे वर बघू लागले. नंतर जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं आणि फोटोतला माणूस अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या केसांत कबुतराचं पीस होतं.

"आरोग्यासाठी आहे," स्टामेन म्हणाला. बऱ्याच दिवसांत मोठ्याने न बोलल्यामुळे त्याचा आवाज फुटका निघाला. "जेवा. पण ते आरोग्यासाठी आहे."

एका माणसाने तोंडातला चमचा बाहेर काढला आणि त्याकडे बघत राहिला. कोणीतरी छातीवर क्रूस काढला. आजी तेवढी उठली, काठी टेकत स्टामेनपाशी आली आणि तिने त्याच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"फोटोत जाड आहेस."

"जुना आहे, आजी."

"हे बघ पोरा, मी शब्द बोलून बसलेय. मला नक्की सांग. तू मेलायस की नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

आजीने मागे वळून कालिनाकडे पाहिलं. कालिना डावाकडे पाहत होती.

"आजी," स्टामेन म्हणाला, "थोडा रस्सा उरलाय. आणखी एक डाव घ्या आणि 'आरोग्य लाभो' म्हणा. तेवढंच."

"अरे, पोट भरलं माझं."

"एक चमचा."

"आणि एकाच हंड्यातलं खाऊन, एकाच तोंडाने, आधी क्षमा आणि मग आरोग्य? देवाने कुठलं ऐकायचं? असं कधी करत नाहीत." तिने त्याच्या केसांतलं पीस काढून त्याच्या हातात दिलं. "मला आधी सांगायचं होतंस. वर बसून राहिलास."

स्टामेनने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचे आपापल्या भांड्यात पाहत होते. एक तरुण, गॉगल डोक्यावर चढवलेला, कालिनाशी हुज्जत घालू लागला होता.

"आम्हाला शून्य सांगितलं होतं. तुमच्या यादीत छापलंय, वस्ती शून्य."

"हा अपवाद आहे," कालिना म्हणाली.

"शून्यात अपवाद कसा असेल? मग मी आपला समुद्रावर गेलो असतो. तिथे निदान सांगून माणसं असतात."

त्याने जाता जाता स्टामेनचा एक फोटो काढला, पाहिला आणि पुसून टाकला. भांडी टेबलावर परत आली. लोक बसमध्ये चढले, खिडक्यांतून दारावरच्या कागदाकडे आणि मग स्टामेनकडे बघत, दोन्हींतलं खरं कोणतं हे न ठरवता. दुसरी बस निघाली.

कालिना डाव पुसत होती. "संपवलंत तुम्ही सगळं," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही आरोग्याचं बोलू शकला असतात."

"मग तुम्ही आहात हे सांगावं लागलं असतं."

"हो," स्टामेन म्हणाला.

 मग तिने डाव हंड्याच्या काठाला नीट अडकवला आणि बसकडे गेली.

तेवढ्यात गांचो खाली उतरला. हे त्या गावात प्रथमच घडत होतं. सुजलेला अंगठा वर धरून तो लंगडत हंड्यापाशी आला.

"आज शनिवार आहे," तो म्हणाला. "म्हणजे मी तुला बघत नाहीये."

"नको बघूस."

"मटण मला चालत नाही. बायको ओळखते, श्वासावरून." त्याने पावाचा तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला, दोनदा झटकला आणि तोंडात टाकला. चावता चावता, दुसरीकडे तोंड करून, तो म्हणाला, "आरोग्य लाभो. पण पावापुरतं हं. पूर्ण वर्षाचं मी नाही घेत अंगावर."

"किती धरू?"

गांचोने विचार केला. "निम्मं धर," तो म्हणाला आणि लंगडत परत गेला.

गुरुवारी त्याने पावाबरोबर बातमी आणली: गाव यादीतून गेलं. कंपनीने कारण दिलं होतं, "रहिवासी आढळला." स्टामेनने एकच पाव घेतला. गावाला विचारायला तो वळला नाही.

दारावरचा कागद काढायचा त्याने प्रयत्न केला. सोफियाचा गोंद. चेहरा तेवढा खरवडून निघाला; नाव, तारीख आणि विसर न पडणारे आप्त जागच्या जागी राहिले. दोन दिवस त्याने ते घासलं, मग सोडून दिलं. डिसेंबर आला तसं त्याला जाणवलं की गांचोने दिलेलं निम्मं संपत आलंय. तेव्हा तो कारभारी म्हणून टेबलाशी बसला आणि त्याने नगरपालिकेला अर्ज लिहिला. अर्ज गावच्या कारभाऱ्यामार्फत यावा असा नियम असल्यामुळे त्याने तो आधी स्वतःला सादर केला, वाचला, "योग्य वाटतो" असा शेरा मारला, शिक्का उमटवला आणि गांचोजवळ दिला. तो असा:

"विषय: मौजे कोझिदोल येथे एक इसम मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गावी इलियाच्या दिवशी दरवर्षी अन्नवाटप होत असते. चालू वर्षी श्री. गांचो, वाहनचालक, यांनी दिलेली शुभेच्छा पावापुरती व निम्म्या मुदतीची असल्याने ती आता संपुष्टात येत आहे. तरी येत्या वीस जुलै रोजी सकाळी नऊ ते दुपारी बारा या वेळेत, नगरपालिकेने आपल्या आस्थापनेवरील अथवा बाहेरील एक इसम सदर गावी तात्पुरता नेमून द्यावा, ही विनंती. वय, लिंग व शिक्षणाची अट नाही. इसमास मटण वर्ज्य नसावे. इसम घरून जेवून आलेला नसावा. इसमाने आधी दारे वाचू नयेत. इसमाचा मुक्काम वाढल्यास गावाची हरकत राहणार नाही.

सदर इसमाने दोन शब्द बोलणे अपेक्षित आहे. शब्द गावातर्फे पुरविण्यात येतील."